पाकळ्या काढल्या, समोरची राहिली

—नाही काका, हलू नका, कानाखाली आलोय. तर काय सांगत होतो? हां, माझा ब्लॉग. हसताय? न्हाव्यानं ब्लॉग लिहू नये असं कुठे आहे? शाळा नववीत सुटली, पण लिहायची खोड काही सुटली नाही. एरवी माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते — विचारा गल्लीत कुणालाही — पण गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लागला की मला कंठ फुटतो. का? त्याला उलट बोलता येत नाही ना, म्हणून.

तर आधी हा ब्लॉग कसा होता? नुसती सर्कस. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, बासरी वाजायची, कोपऱ्यात घड्याळ, घड्याळाखाली डोळे मिचकावणारं मांजर — सगळं मीच हौसेनं बसवलेलं. आणि उघडायला वेळ किती? मी इकडे एक दाढी उरकायचो, तिकडे अजून पाकळ्याच पडत असायच्या. वाचायला टिकणार कोण? आणि कुणी वाचत नाही म्हटल्यावर माणूस वाट्टेल ते लिहितो. लिहितो की नाही? मी लिहिलं.

कुणाबद्दल? ते समोरचं झेरॉक्सचं दुकान दिसतंय? आरशातूनच बघा, मान नका वळवू, मीही तसंच बघतो. तिथे बसते ती. मी आपलं 'समोरची' म्हणून लिहितो. एकसष्ट लेख झाले. ती फुंकर मारून कागद सुटे करते त्यावर एक, अडलेल्या मशीनला चापट मारते त्यावर एक, आणि हनुवटीला खळी आहे तिच्या, मधोमध नाही, जराशी डावीकडे सरकलेली — नुसत्या त्या खळीवर नऊ.

आता माझी अक्कल बघा. तिच्या काचेवर पाटी लागली — 'ब्लॉग साधा आणि जलद करून मिळेल.' झालं, मी पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला, तिच्यापुढे ठेवला आणि पळालो. म्हटलं, रंगारी कधी भिंत वाचत बसतो का? हिनं वाचली. अथपासून इतिपर्यंत. काल इथे दारात येऊन म्हणते कशी, "पाकळ्या काढल्या. बासरी काढली. मांजर ठेवायचंय?" म्हटलं, काढा. "आणि ते 'समोरची'? तेही काढलं तर पान हलकं होईल." मी वस्तरा पुसायला घेतला. शेवटी म्हटलं, तुम्हाला जड होत असेल, तर काढा. वळली आणि गेली.

आज सकाळी उघडला — बोट लावायचा अवकाश, पान हजर! स्वच्छ पांढरं, त्यावर काळी अक्षरं. मांजर गेलेलं. आणि सगळ्यात वर काय? 'समोरची'. एकसष्टच्या एकसष्ट! खाली तिची एकच ओळ — "खळी उजवीकडे आहे. आरशातून बघणं बंद करा."

म्हणजे काय समजायचं मी, काका? हो ना? तुम्ही मोठे आहात, तुम्हीच — नको, ओठ हलवू नका, वस्तरा तिथेच आहे. विचारणार आहे मी तिला. आजच, फेसबिस काही नसताना, समोर उभा राहून. उशीर करून चालायचं नाही, तिचे वडील पुढच्या आठवड्यात येतायत. बोटीवर असतात, सहा-सहा महिने. फार कडक म्हणे. ते यायच्या आत तिचा होकार खिशात हवा, मग त्यांना काय, पटवू कसंही — बोटीवरचा माणूस, जमिनीवर आला की तसाही डगमगतोच!

पण काका, तुमची दाढी म्हणजे जंगल होतं हो. कात्रीनंच पाव तास गेला. किती महिन्यांची? सहा तरी असेल. आता हनुवटी तेवढी राहिली. वर करा. अशी. वा, इथे तर वस्तरा वळवायला लागतोय, तुमच्या हनुवटीला —

खळी आहे.

उजवीकडे.

आणि ती तिकडे काचेला नाक लावून हसतेय का?

...बरं. घ्या टॉवेल, पुसा तोंड. फेस संपला, काका. आता तुम्ही बोला.