आयसीयूत न बोलायचा शब्द

नाही, पण मी म्हणते, बोलायचंच कशाला? माणसाला गप्प बसून बॅगा उचलता येत नाहीत? बहारीनच्या एअरपोर्टवर मी उतरले, हातात फायली, पाठीवर लेकीची सॅक, आणि समोर आमचा ज्युलियन. अकरा वर्षं इथे हॉटेलात हाऊसकीपिंगचा सुपरवायझर, वर्षातून एकदा वसईला येणारा नवरा! त्याने ट्रॉली धरली आणि काय म्हणाला? 'आयरीन, झालं सगळं. आता बघ, आयुष्य कसं एकदम...' आणि पुढे तो शब्द बोलला. तोच. मी ट्रॉली जागच्या जागी थांबवली. मागून येणारी बाई माझ्या टाचेवर आदळली. म्हटलं, 'ज्युलियन, हे लक्षण बरं नाही.'

आता तुम्ही विचाराल, कुठला शब्द. मी बोलणार नाही. एकोणीस वर्षं मुंबईत आयसीयूत काढलीत मी, एकदाही तोंडातून काढलेला नाही. दोन अक्षरी आहे, 'श'पासून सुरू होतो, आणि आज गडबड नाही, पेशंट झोपलेत, फोन वाजत नाहीये, असं सांगायला साधी माणसं वापरतात. नर्स वापरत नाही. एकदा एक नवा डॉक्टर भर दुपारी खुर्चीत रेलून म्हणाला, 'सिस्टर, आज वॉर्ड किती...' आणि तो शब्द. तुम्हाला सांगते, दहा मिनिटांत तीन ॲडमिशन, लिफ्ट अडकली, लिफ्टमध्ये चौथा पेशंट, आणि ज्या आजोबांना आम्ही दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होतो ते... जाऊ दे. तो डॉक्टर पुढे त्वचारोगाकडे वळला. तेव्हापासून आमच्या आयसीयूत कायदा. नवी मुलगी रुजू झाली की आधी हात धुवायला शिकवायचं आणि मग हा शब्द विसरायला शिकवायचं.

आणि हा माणूस मला विमानातून उतरल्या उतरल्या तो ऐकवतो!

आणि मग जे सुरू झालं ना... म्हणजे काहीच सुरू झालं नाही, तीच तर भीती. सगळं सुरळीत. बॅगेत दोन किलो सुके बोंबील, कस्टमवाल्याने बॅग उघडलीसुद्धा नाही. माहूजचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट चालू. लेकीला, ग्लेनिसला, ईसा टाउनच्या शाळेत पहिल्याच खेपेला ॲडमिशन. मला म्हणते, 'ममा, व्हाय आर यू मेकिंग दॅट फेस?' अगं, फेस काय, आयसीयूत पेशंटचे सगळे आकडे अचानक छान आले ना, की मी खुर्ची ओढून त्याच्याजवळच बसते. लक्षण बरं नसतं ते.

मग माझी परीक्षा. हो, एकोणीस वर्षांनी परीक्षा. लायसन्सशिवाय इथे कुणी पेशंटची उशी हलवू देत नाही, आणि बरोबरच आहे म्हणा. ज्युलियनची गाडी, तिच्याबद्दल तुबलीच्या गॅरेजवाल्याने हात जोडून सांगितलं होतं की ही कधीही बसेल, ती गाडीसुद्धा अर्धा तास आधी पोहोचली. आत कॉम्प्युटर. प्रश्न काय, तर पेशंटचं बीपी पडलंय, श्वास लागलाय, नर्स सर्वांत आधी काय करील? चार पर्याय. आता मला सांगा, सर्वांत आधी? मी एका हाताने ऑक्सिजन लावते, दुसऱ्या हाताने पाय वर घेते, तोंडाने डॉक्टरला हाक मारते आणि डोळ्यांनी नातेवाइकाला बाहेर काढते. चारही पर्याय आधीच! पण टिचकी एकावरच मारायची. दीडशे वेळा मारली. वाटलं, गेले मी. तर पास. म्हटलं, ज्युलियन, पेढे आणू नकोस, लक्षण बरं नाही.

इंटरव्ह्यू झाला. प्रायव्हेट हॉस्पिटल, नर्सिंगच्या डायरेक्टर सायरा मॅडम, बारीक फ्रेमचा चष्मा, आवाज असा की मॉनिटरसुद्धा पटकन नॉर्मल दाखवील. त्यांनी विचारलं, 'सिस्टर, व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकदम अस्वस्थ झाला, औषध द्याल का?' मी म्हटलं, 'आधी नळी बघा, मॅडम. माणूस उगाच तडफडत नाही.' त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, 'जॉइन टुमॉरो.' म्हटलं, लायसन्स? 'तीस तारखेपर्यंत आणा. एकतीसला ही जागा दुसऱ्या मुलीची. दोन आठवडे धरून ठेवते, त्याच्यापुढे माझ्या हातात नाही.'

आता खरी गोष्ट. लायसन्सला सगळं होतं, एक सोडून. जिथे तुम्ही काम केलं म्हणता, तिथे एक कंपनी पत्र पाठवते आणि विचारते की ही बाई खरंच तुमच्याकडे होती का. त्यांनी हो म्हटलं की झालं. एवढंच! एचआरमधली नाझिश, गोड पोरगी, मला रोज सांगायची, 'सिस्टर, टेन्शन नहीं लेने का, सिर्फ एक ही कागज बाकी है, हो जाएगा इंशाल्ला.' मी रोज सकाळी चहाच्या आधी फोन उघडायचे. पेंडिंग. चहाच्या नंतर, पेंडिंग. ग्लेनिस शाळेतून आली, पेंडिंग. वसईला सासूबाईंनी नोव्हेना धरली, नऊ दिवस संपले, पेंडिंग. ज्युलियन म्हणाला, 'आयरीन, जरा त्या शब्दासारखी राहा ना.' म्हणजे तो शब्दच बोलला पुन्हा. स्वयंपाकघरात. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, आज बाहेरून मागव.

आणि सव्वीस तारखेला मेल आलं. 'तीन वेळा विचारूनही संबंधित हॉस्पिटलकडून उत्तर नाही. एकोणतीसपर्यंत न आल्यास आपला अनुभव सिद्ध होऊ शकला नाही असा शेरा मारण्यात येईल.'

हसू नका हो. म्हणजे हसा, मीही नंतर हसले, पण त्या दिवशी मी ते मेल चार वेळा वाचलं. सिद्ध होऊ शकला नाही! एकोणीस वर्षं! किती जणांचे डोळे उघडताना पाहिलेत आणि या हातांनी किती जणांचे मिटलेत, मोजलेले नाहीत. ग्लेनिसचं पहिलं कम्युनियन मी ड्यूटीवरून धावत येऊन पाहिलं, युनिफॉर्मवर. राजीनामा दिला तो हे सगळं पाठीशी आहे म्हणून दिला. आणि आता कुणीतरी म्हणतंय, बाई, तू तिथे होतीस कशावरून? मला भीती वाटली. सरळ सांगते, पेशंट हातातून जाताना वाटते ना, तशी वाटली.

तीन दिवस हॉस्पिटलला फोन. ऑपरेटर म्हणाला, नर्सिंगचं टपाल नर्सिंग ऑफिसात. नर्सिंग ऑफिस म्हणजे कोण? आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, छोटं, तिथे एचआर म्हणून माणूसच नाही. शेवटची चार वर्षं आयसीयूबरोबर नर्सिंग ऑफिसही माझ्याच गळ्यात होतं, आणि माझ्यामागे ते मी कुणाला दिलं? स्वप्नालीला. माझ्या हाताखाली सहा वर्षं घडवलेली पोर. तिला लावला फोन. लागेना. ड्यूटीवर मोबाईल लॉकरमध्ये. हाही माझाच नियम.

एकोणतीसला सकाळी ऑपरेटरने आयसीयूचा फोन जोडून दिला, आणि एकदाची सापडली.

'सिस्टर! कशा आहात?'

म्हटलं, 'स्वप्नाली, माझ्या नावाने एक मेल आलंय का कुठल्या कंपनीचं?'

तिचा आवाज एकदम ऑफिसचा झाला.

'स्टाफची माहिती मी फोनवर देत नाही.'

'अगं, मी आयरीन बोलतेय.'

'आवाज तुमच्यासारखाच आहे,' म्हणते!

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत आली. नर्सिंग ऑफिसची, पंख्याखालची. मागे एकदा कुणीतरी भाऊ असल्याचं सांगून एका पेशंट बाईची सगळी माहिती फोनवर काढून घेतली, आणि तो भाऊ नव्हता, ज्या घरापासून ती लपून आली होती त्याच घरातला निघाला. त्या दिवशी मी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला. 'अनोळखी माणसाला माहिती देऊ नये. कितीही गोड बोलला तरी. अनोळखी मेल उघडू नये, काढून टाकावं. आवाजावर विश्वास ठेवू नये. आ. तुस्कानो.' आणि स्वप्नालीकडून पाठ करून घेतला. उभी करून!

म्हटलं, 'ते मेल कुठे आहे?'

'तिन्ही काढून टाकली, सिस्टर. तुम्ही जर सिस्टर असाल तर.'

म्हटलं, व्हिडिओ लावते, तोंड बघ माझं. तर म्हणते, 'हल्ली तोंडंही बनवतात. गेल्या आठवड्यात ट्रेनिंग झालं आमचं.' रजिस्ट्रेशन नंबर सांगितला. म्हणे, तो कागदावर असतो, कुणालाही मिळेल. माझा नवरा मागून ओरडतोय, 'अगं सांग तिला, मी ज्युलियन आहे!' म्हटलं, तुला तिने वर्षातून एकदा पाहिलंय, मीही तेवढंच पाहिलंय, तू थांब. संध्याकाळपर्यंतची मुदत, सायरा मॅडमची दुसरी मुलगी बहुतेक युनिफॉर्मला इस्त्री करत बसलेली, आणि ही पोर मला दारात उभी करतेय. राग इतका आला... आणि मधूनच, काय सांगू, अभिमानही. अशीच तर घडवली होती मी तिला.

शेवटी तीच म्हणाली, हळूच, 'एक विचारते. खऱ्या सिस्टरलाच येईल. आपल्या आयसीयूत कुठला शब्द बोलायचा नाही?'

आता बोला.

मला माहीत आहे. ज्युलियनला माहीत आहे, तो कोपऱ्यात उभा राहून ओठांनी तो शब्द करून दाखवतोय, आयरीन, बोल, बोल की! ग्लेनिस म्हणते, 'ममा, जस्ट से इट!' दोन अक्षरं. दोन अक्षरांपलीकडे लायसन्स, नोकरी, एकोणीस वर्षं, अकरा वर्षांनी एका छताखाली आलेलं घर. आणि अलीकडे स्वप्नालीचा आयसीयू. मागे मॉनिटरची टिकटिक मला फोनवर ऐकू येत होती. आठ बेड. आठही भरलेले असणार. मी बोलले आणि तिकडे काही झालं तर?

मी म्हटलं, 'स्वप्नाली, नोकरी गेली तरी चालेल. तो शब्द मी बोलणार नाही.'

पलीकडे एवढा मोठा श्वास. 'सिस्टर, तुम्हीच आहात. दुसऱ्या कुणीही पटकन सांगितला असता.'

मेल पुन्हा मागवलं, तिने बसल्या बसल्या उत्तर लिहिलं, सही, शिक्का, संध्याकाळी साडेपाचला पेंडिंग गेलं. तीसला लायसन्स, एकतीसला मी ड्यूटीवर. नाझिश म्हणाली, 'देखा, मैंने बोला था ना?'

चार महिने झाले. सायरा मॅडम खूश, इतक्या खूश की म्हणाल्या, 'तुमच्यासारखी आणखी एक आहे का?' मी कुणाचं नाव देणार? स्वप्नाली परीक्षा पास झाली, पहिल्याच फटक्यात, आणि मला तेव्हाच वाटलं, लक्षण बरं नाही. मॅडमनी तिची जागा धरून ठेवलीय, तोपर्यंत तिचीही शिफ्ट कोण करतंय? मी. आज सलग नववा दिवस. फक्त एकच कागद राहिलाय. तिने नर्सिंग ऑफिस तेजस्वीकडे दिलंय, नवी मुलगी, आणि मला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं, 'अगदी तुमच्यासारखी घडवलीय, सिस्टर, काळजी नको.'

काल रडत फोन आला तिचा. मेल काढून टाकलेलं. तेजस्वीने आवाज ओळखला नाही, तोंड ओळखलं नाही, आणि मग तोच प्रश्न विचारला.

म्हटलं, 'मग? गप्प बसलीस ना?'

'घाईत होते हो, सिस्टर... बोलून गेले.'

तेजस्वी म्हणाली, खऱ्या स्वप्नाली सिस्टर हा शब्द बोलल्याच नसत्या, आणि फोन ठेवला.

तर चला, माझी हॉस्पिटलची व्हॅन खाली आली असेल. सुट्टी सध्या मफी, म्हणजे इथल्या भाषेत, नाहीच. आणि निघताना मला 'ड्यूटी छान जावो' वगैरे काही म्हणू नका, बोलता बोलता तोंडातून काय निसटेल सांगता येत नाही. नुसतं 'जा' म्हणा.