चाळीस जुनी नावं

नेटवर्क तुंबतंय ते केबलमुळेच असणार, जितेंद्रसर, केबल खराब असं लिहून टाका रिपोर्टात — बसा, चहा येतोय. हेड ऑफिसने तुम्हाला ठाण्याहून पाठवलंय, मला कळतं, पण अठरा वर्षं मी या कंट्रोल रूममध्ये बसतेय, इकडच्या सगळ्या पाण्याच्या टाक्या नि पंप याच पडद्यांवरून बघतेय, तर माझंही ऐका. काय? मिनिटाला चार हजार हाका? असतील. पडदा उघडला की तो नेटवर्कभर विचारत सुटतो — आगाशीच्या टाकीची पातळी कुणाकडे आहे? टाकीजवळच्या ज्या पॅनेलकडे ती असते ते उत्तर देतं, विषय संपतो. कुणाकडेच नसेल तर? तर परत विचारतो. परत. परत. नावच राहिलं नाही तर उत्तर कोण देणार, सांगा.

हो, जुनी नावं आहेत ती. चाळीस. तीन वर्षांपूर्वी पॅनेल बदलली, गावांची नावं जाऊन नंबर आले, आणि पडद्यांवरची नावं बदलायचं काम माझ्याकडे. बदलली मी — बरीचशी. आधी कंटाळा केला, खरं सांगते. मग ही रूम बंद करून सगळं ठाण्याला न्यायचं ठरलं, चाचणी झाली, आणि नेटवर्क तुंबलं. मी ती जुनी नावं असलेला एक पडदा बंद केला, दहा मिनिटांत सगळं सुरळीत. साहेब म्हणाले, सेलिन मॅडमशिवाय हे चालायचं नाही. रूम राहिली. मग मी ती नावं तशीच — म्हणजे, राहिली तशीच.

असं बघू नका. भोगतेय ना. मस्कतला माझ्या प्रीतलला बाळ झालं, दोनदा रजा मागितली — मॅडम, तुम्ही गेलात तर कोण बघणार? नातवाचा बाप्तिस्मा याच खुर्चीत बसून फोनवर पाहिला, तोही अर्धा, मधेच अलार्म आला. कडी मीच आतून लावली, आणि आता मलाच ती निघत नाही.

फर्डिनंड? त्याचं काय — फुलपाड्याचा पंप बघतो तो. मागच्या मंगळवारी टाकी रिकामी झाली, पंप कोरडा फिरला, मोटर जळली, आणि याने वेळेवर बंद केला नाही म्हणून हा सस्पेंड. पण पातळी त्याला मी सांगते ना इथून. मी म्हटलं, चालू ठेव, पाणी आहे. पडद्यावर होतं हो पाणी — नऊ मिनिटांपूर्वीचं. पॅनेल बिचारी माझ्या पडद्याच्या हाका ऐकण्यातच गुंतलेली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तो माझ्या मागच्याच बाकावर होता. बाहेर पडताना म्हणाला, सेलिनबाय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला. म्हणून म्हणते, केबल लिहा — तो सुटेल, मीही —

लॅपटॉप का फिरवलात माझ्याकडे? हाका जिथून सुटतात तो हा तर माझ्याच मशीनचा पत्ता. म्हणजे आल्यापासून ठाऊक होतं तुम्हाला, आणि मला बोलू दिलंत.

थांबा, हात लावू नका. मीच तो पडदा बंद करते. झालं. बघा, हाकांची रेष खाली आली. लिहा आता, माझं नाव लिहा, केबल नको.

आलाच फोन. ठाण्याचा. म्हणतील, मॅडम, परत तुम्हीच सोडवलंत. नका उचलू, वाजू दे. फर्डिनंड बाहेर तुमचीच वाट बघत बसलाय. त्याला आत पाठवा, मीच सांगते त्याला, आणि तुम्ही जा.