पुतळी दारात थांबली

घोडी बिघडली म्हनता? बसा त्या बाकड्यावर, आनि आधी आवाज खाली करा, तिचे कान बगा कसे फिरतात. नवऱ्याचे मामा तुमी, मान्य — पन तो मानपान तुमच्या मांडवात, हा माझा तबेला हाय. काल पुलापलीकडच्या अष्टमी गावात वरात अडकली, पुतळी एका दारात उभी राहिली ती हललीच नाय — बरं. मग तुमी काय केलंत? डीजेवाल्याला आवाज वाढवायला सांगितलंत! व्वा! एकानं मागनं फटाका लावला, दुसऱ्यानं शेपूट पिरगाळली, नवरदेव वर बसून लगाम ओढतोय — आनि एवढं करून तिनं कोनाला लाथ मारली? नाय ना? मग बिघडलं कोन, घोडी का वऱ्हाड?

तुमाला घोडा म्हंजे भाड्याची गाडी वाटते. ते पेन गावाकडचे वरातवाले बगा — शिंगरू आनलं की पाय बांधायचे, कानाशी ताशा बडवायचा, झाला घोडा तयार. तयार कसला, भिऊन गप झालेला. मी तसला नाय. पुतळी आली तवा हात लागला तरी थरथरायची. मी नुसता जवळ बसायचो. मग पाठीवर गोनपाट, ते अंगवळनी पडलं की तांदळाचं पोतं, मग खोगीर. ताशा आधी मैदानाच्या पलीकडं, मग रोज जरासा जवळ — वाजवनारा कंटाळला, मी नाय कंटाळलो. आनि रोज तेच. तीच वेळ, तोच रस्ता. संध्याकाळी धाटावच्या कारखान्यांतनं शिफ्टच्या बसगाड्या सुटल्या की हिला पुलावर न्यायचो, हॉर्नची भीती मोडायला. पूल उतरला की अष्टमीत थांबायचं, तिथं गूळ. रोज त्याच दारात, त्याच हातानं — हात बदलला की जनावर गोंधळतं.

कोनाच्या म्हंजे? माझ्याच. म्हंजे — गूळ माझा, द्यायची सरू. आता एक बाई दारात पोह्याचे पापड वाळवते, घोडीला बादलीभर पानी देते, त्यात इचारन्यासारखं काय हाय? तुमच्या वरातीतल्या बायांना दुसरा धंदा नाय काय? विधवा बाई, दिराच्या घरात राहते, तिचं नाव घेताना तोंड सांभाळा. तो दीर तरी कसला, नुसता ओरडनारा. तो ओट्यावर दिसला की मी पुलावरनंच मागं — नाय, म्हंजे घोडी दमलेली असली तर.

काल मी का नवतो? कनकन होती. म्हनून तर भावाला धाडलं, सखाला. दिसतोय आज धडधाकट, तर दिसू दे की! काय सारखं सारखं... व्हय, वरात तिकडनं जानार ते मला कळलं होतं. पुतळी तिथं थांबनार तेपन ठाऊक होतं. चार लोकांदेखत ती तिथं थांबली असती, आनि लगाम माझ्या हातात — लोकं काय येडी नसतात, मामा. सरूला घर सोडावं लागलं असतं. मी तिला सांगतोय ना, धीर धर, एकदम काय करायचं नाय, लोकांना हळूहळू सवय होऊ दे. तर ती हसते. म्हनते, बाबाजी, तुजा ताशा अजून मैदानाच्या पलीकडंच हाय का रं? कळतंय काय तिला! धीर कशाशी खातात ते तरी ठाऊक हाय?

ते जाऊ दे. शेवटी हलली कशी? सखाच्यानं तर झालं नसंल, त्याच्यानं घरचं मांजरपन हलत नाय.

कोन?

सरू बाहेर आली? डीजे चालू असताना? — दीर कुठं होता? ओट्यावरच. आनि तरी आली. सगळ्या वऱ्हाडादेखत गूळ दिला, लगाम धरून वळनापर्यंत चालवत नेलं... दिरानं काय केलं? ओरडला, आनि तिनं वळूनसुदिक बगितलं नाय. बरं. सखाला काय म्हनाली? तुमच्या पदरचं नको, तिचेच शब्द सांगा.

‘घोडी थांबली दारात. घोडीवाला कुठं लपला?’

एवढ्या लोकांत म्हनाली?

उठा मामा. उठा, झालं तुमचं. नाय, घोडीत काय खोट नाय, तुमी जा. सकाळच्याला दीर घरीच असतो, असू दे. सरका, दारातनं सरका — मला अष्टमीला जायचंय.