उडती बाज

नाई, मले एक सांगा, कुडाचं माप मानूस उभं राहून घेते का उडून घेते? उभं राहूनच घेते ना? मंग भिवाजीचं चुकलं कुठी? पन गाव हासते त्याले, अजून हासते! पान्याले निंगालेली बाई घागर खाली ठेवते, पोट धरून हासून घेते, अन् मंग घागर उचलते. अन् तो बिचारा सायकल घेऊन निंगाला का मान अशी खाली घालते, जसा काई चेनच पाहून राह्यला. तुमाले सांगतो, लाज असावी मानसाले, पन किती?

आता भिवाजी म्हन्जे आपला पंचरवाला. रिसोडच्या नाक्यावर दुकान हाये त्याचं... दुकान कायचं, एक निंबाचं झाड, घमेलंभर पानी अन् फांदीले लटकवलेले टूब. पन हात असा, का ट्रकचा टूब असो का ट्रॅक्टरचा, हवा कुठून जाऊन राह्यली थे घडीभरात सापडवते. फक्त सोताच्या घरातली हवा कुठून गेली थे काई त्याले सापडलं नाई. कारन शेजारी त्याचा सख्खा मोठा भाऊ राह्यते, उकंडराव. मधात एक तुराट्याचा कूड. अन् दोघाइचा अबोला!

कायचा अबोला? टावेल-टोपीचा! हासू नोका. दुष्काळाच्या आंधी उकंडरावच्या पोरीचं लगन झालं, रुपाचं. मांडवात एकेकाचं नाव पुकारून टावेल-टोपी देऊन राह्यले होते. इवाई झाला, मामा झाला, आतेभाऊ झाला, अरे दूरच्या गावचा कोन्तातरी साडू झाला, अन् सख्ख्या भावाचं नावच नाई! रातभर याच भिवाजीनं मांडवाच्या मेढी रोवल्या होत्या, पंगतीत वरनाची बादली घेऊन हाच धावून राह्यला होता. त्यानं बादली तिथीच ठेवली अन् भऱ्या मांडवात भावाले म्हने, "आजपासून तुह्यं तोंड पाह्यनार नाई."

अन् नाई पाह्यलं हो! दुष्काळी कामावर दोघं एकाच रस्त्याचा मुरूम उचलत होते, तं एक घमेलं डाव्या खांद्यावर घे अन् एक उजव्या, म्हन्जे मधात घमेलं येते, तोंड दिसत नाई. उपाशी राह्यले, पन तोंड नाई पाह्यलं.

आता आयका. अवंदा भिवाजीच्या पोरीचं, चतुरीचं लगन जमलं. लुगडं पाहाले म्हनून पंचफुलानं, म्हन्जे त्याच्या बायकोनं, पेटी उघडली. तं तळाशी काय निंगालं? टावेल अन् टोपी! कोरी, घडी न मोडलेली. भिवाजी म्हने, "हे कोनाचं हाये?" पंचफुला म्हने, "तुमचंच. रुपाच्या लगनातलं. तुमी वाढून राह्यले होते तं तुमचे भाऊ म्हने का हात खरकटे हायेत त्याचे, हे त्याच्यासाठी सगळ्यात आंधी काढून ठेवलं, सांभाळ. मी तुमाले सांगाले गेली तं तुमी म्हने, त्या घराचं नाव काढसीन तं माह्याशी गाठ हाये. मंग मी नाई काढलं नाव."

झालं! टोपी हातात घेऊन तो कितीतरी वेळ बाजेवर बसून राह्यला. एवढे वर्सं भावाले घमेल्याआड ठेवलं, अन् भावानं आपलं नाव सगळ्याइच्या आंधी घेतलं होतं! लाज म्हन्जे अशी लाज वाटली त्याले, का त्या दिवशी घरातल्या आरशावरबी फडकं टाकलं. बरं, जाऊन सांगावं का नाई भावाले? दोन पावलाचा रस्ता हाये. दारापर्यंत जाये, चप्पल घाले, अन् चप्पल काढून वापस येये. म्हने, काय तोंड घेऊन जाऊ? अन् इकडे चतुरी अडून बसली, "मोठेबाबा नाई आले तं मी मांडवात पाय ठेवनार नाई." तिले लहानपनी खांद्यावर घेऊन बाजार दाखवला कोनं? मोठेबाबानं, उकंडरावनं. मंग तिचं काय चुकलं? अन् भावाले लगनाचं आवतन भावानं सोताच्या तोंडानं द्यावं लागते, दुसऱ्याच्या हाती पाठवलं तं तो अपमानच हाये. पन तोंडच तं दाखवता येत नाई! लाज असावी मानसाले, पन किती?

तुमी म्हनसान, याच्यात बाज कुठी आली. येऊन राह्यली, दम धरा ना बाप्पा!

त्याच्यातच वाशीमले सर्कस आली. भिवाजीचे तीन पोट्टे पाहून आले. तठी म्हने एक तानलेलं जाजम होतं, त्याच्यावर पडलं का मानूस वापस वर. आता लगनाच्या पाव्हन्यासाठी भिवाजीनं गावभरातून बाजा मागून आनल्या होत्या. पोट्ट्याइनं त्याच्यावर सर्कस सुरू केली. एका बाजेचा आडवा गाता मोडला, दुसरीचा खूर. लोकाच्या बाजा! पंचफुला म्हने, "एक तं या पोट्ट्याइले बांधून ठेवा, नाईतं त्याइले उड्याची एक बाज करून द्या."

झालं, बुवाच्या डोक्यात किडा घुसला. खरं सांगू काय? पोट्ट्याइचं निमित्तच झालं, त्याले कायच्यात तरी डोकं घालून बसाचं होतं, म्हन्जे भावाचा इचार येनार नाई. पयले त्यानं सुंभाची बाज आनली, टाचेनं दाबून पाह्यली. नाई, हे खाली जाते पन वर आनत नाई. मंग नवारीची पाह्यली. थे वर आनते, पन कुठी फेकीन त्याचा भरोसा नाई. मंग नुसता ट्रॅक्टरचा टूब फुगवला, धाकटा पोट्टा त्याच्यावर बसला अन् सरळ कोंबड्याच्या खुराड्यात जाऊन पडला. शेवटी मोडक्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव आनली, मोठी गोल. मधात ताडपत्री, दोन पदराची, काठ दाभनानं शिवलेला. अन् ताडपत्री धावेले बांधाले टुबाच्या पट्ट्या, सगळीकून सारख्या तानलेल्या. खाली बाभळीच्या मेढी, हातभर जिमिनीत गाडलेल्या. धावेच्या कडेले पोत्याचं गुंडाळन, का कोनाच्या पायाची नळी फुटू नये.

अन् जागा? जागा पाहाले त्यानं पोरगी पाहाले लागला नसंन एवढा येळ लावला! हिरीपासून दूर पाह्यजे. निंबाच्या फांदीखाली नाई पाह्यजे, डोक्शाले लागंन. सगळं करता करता जागा उरली कुठी? भावाच्या कुडाजवळ! म्हने, ठीक हाये, कूड उंच करतो. तुराट्या आनल्या, कुडापाशी ताठ उभा राह्यला, हात वर केला, अन् जिथी बोटं पोचले तिथीवर कूड. खाली चारी बाजूनं तुरीचं कुटार, म्हन्जे भुसाच, पसरलं, गुडघाभर. पोट्टा पडला तं कुटारात पडंन, अन् इकडचं तिकडे दिसनार नाई. सगळ्या गोष्टीचा इचार केला मानसानं, तुमाले सांगतो, फक्त एका गोष्टीचा नाई.

पंचफुला म्हने, "लेकराइले चढवाच्या आंधी तुमी चढा. तुमचं वजन झेललं तं त्याइचं झेलंन." बरोबर हाये का नाई? पन लोकासमोर चढाची लाज. पोरीचा बाप, लगन तोंडावर, अन् उड्या मारून राह्यला! तो म्हने पाहू. अन् बाजाराच्या दिवशी घरचे सगळे रिसोडले गेले, गल्ली चूप, तवा यानं धोतर खोचलं, टोपी घट्ट बसवली अन् चढला बाजेवर.

पयली उडी इतभर. दुसरी हातभर. बरं वाटलं हो त्याले! त्यानंच मले सांगतलं, मान खाली घालून, का म्हने पेटी उघडल्यापासून छातीवर जो धोंडा होता ना, तो वर गेल्यावर घडीभर हलका लागे. म्हनून अजून एक मारली जोरात. अन् मुंडकं कुडाच्या वर!

पलीकडे अंगनात उकंडराव बसला होता, इकडे पाठ करून. समोर खुटीले आरसा, तोंडाले साबनाचा फेस, हातात वस्तरा. अर्धा गाल झालेला, अर्धा राह्यलेला. अन् आरशात त्याले काय दिसलं? कुडावर एक टोपी आली. टोपीखाली भावाचं तोंड आलं. अन् गेलं! त्यानं आरसा पुसला. पुन्हा आलं, पुन्हा गेलं!

भिवाजीनंबी पाह्यलं, आरशातले डोये आपल्यावर लागले हायेत. लाजेनं त्याले थांबाचं होतं. पन थांबाचं कसं? उडाचं शिकला होता, थांबाचं कोनं शिकवलं होतं? पाय ताठ केले तं अजून वर गेला! कूड कमरेखाली राह्यला, धोतराचा सोगा हवेत, अन् समोर सख्खा मोठा भाऊ. आता लहानपनापासूनची सवय हो, मोठा दिसला का हात आपोआप जुळतात. जुळले. वरच्यावर तोंडातून निंगालं, "जयभीम, भाऊ."

अन् खाली गेला.

आता पाहा पंचाईत. अबोला असो का कज्जा असो, जयभीमले जयभीम तं द्याच लागते! उकंडराव तसा पक्का मानूस हाये. वस्तरा खाली ठेवला, आरशाकडे पाहून वाट पाह्यली, अन् टोपी वर आली तवा म्हने, "जयभीम."

एवढ्या वर्साचा पयला शब्द, अन् आयकनारा हवेत!

मंग भिवाजीले राहावलं नाई. म्हने, जे जिमिनीवर बोलता येत नाई थे आता बोलून घेऊ, तसंबी इज्जत राह्यली कुठी. पन खाली आला का दन्नकन श्वास निंगून जाये, हुप्प! म्हनून बोलाचं थे वर गेल्यावरच.

"भाऊ, टावेल..." हुप्प!

"टोपी..." हुप्प!

"पेटीत होती..." हुप्प!

"माह्याच घरात होती, भाऊ. चुकलो मी."

भिवाजी वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. गल्लीतून दोन बाया चालल्या होत्या, त्या थांबल्या. मंग तीन झाल्या. त्याले सगळं दिसे, कोन आलं, कोन पदर तोंडाले लावून हासून राह्यलं... पन त्याचे डोये आरशावर. अन् आरशातला उकंडराव हळूच म्हने, "मंग घातली काहून नाई?"

बस्! भिवाजीले रडूच आलं. अन् उडता उडता रडनं म्हन्जे काय सांगू तुमाले, आसू खाली पडाच्या आंधी मानूसच खाली जाते. तसाच म्हने, "चतुरीचं लगन..." हुप्प! "तुमी या..." हुप्प! "नाईतं पोरगी उभी राहात नाई." उकंडराव म्हने, "आंधी खाली उतर, मानसासारखा दारातून येऊन सांग." याचं उत्तर आलं दोन उड्यात, "उतरता..." हुप्प! "येत नाई!"

मंग उकंडराव उठला. अर्ध्या तोंडाले फेस तसाच, धोतर सावरत, कुडाले वळसा घालून भावाच्या अंगनात आला. अबोल्यानंतर पयल्यांदा त्या अंगनात पाय ठेवला, अन् ठेवला तो धावत! भिवाजी खाली आला तवा त्याचे दोन्ही पाय कवेत धरले. दोघंबी गदकन कुटारात. याच्या गालाले त्याचा फेस, त्याच्या फेसाले याचं कुटार. अन् तेवढ्यात बाजारातून पंचफुला आली, डोक्शावर टोपलं, मांगं तीन पोट्टे. पाह्यते तं काय, दोन भाऊ कुटारात समोरासमोर बसलेले, नाकाले नाक लागंन एवढे जवळ.

आता बोलावं का नाई? सगळं तं वर बोलून झालं होतं! पन जिमिनीवर आल्याबरोबर दोघाच्याबी माना खाली. भिवाजी कुटाराची काडी मोडून राह्यला, उकंडराव दाढीतलं कुटार वेचून राह्यला. मंग मोठा म्हने, "कुटार चांगलं टाकलं. नाईतं लागलं असतं." धाकटा म्हने, "हो." बस, एवढंच. लाज असावी मानसाले, पन किती?

लगनाले उकंडराव आला. आला म्हन्जे काय, त्यानंच सगळं लगन उभं केलं, चतुरीचा हात धरून तोच तिले मांडवात घेऊन आला. अन् भिवाजीनं तीच पेटीतली टोपी घातली होती, घडीच्या रेघा तशाच, जराशी लहान होये तं उडू नये म्हनून सारखी दाबून राह्यला. भावाचं तोंड पाह्यलं का त्यानं? पाह्यलं, चोरून चोरून. पोरगी गाडीत बसली तवा दोघंबी रडले, पन एक इकडे तोंड करून अन् एक तिकडे.

अन् तवापासून तेच चालू हाये! समोरासमोर आले का यानं चेन पाहाची अन् त्यानं चपलेचा आंगठा. काई मनातलं सांगाचं असलं, चतुरीची खबर आली, जिवाले बरं नाई, तं भिवाजी धोतर खोचते अन् बाजेवर चढते. पलीकडे उकंडराव दाढी नसली तरी फेस लावून आरशापुढे बसते. म्हटलं चाला, काई तं बोलतात.

पन परवा काय झालं? मोठ्यालेबी लाज वाटली असंन, का धाकटाच काहून रोज उडते, आपनबी काई करावं. त्यानंबी एक धाव आनली, ताडपत्री आनली, चुपचाप कुडाच्या तिकून बाज उभी केली. काल दोघंबी चढले. झालं! हा वर गेला का तो खाली, तो वर आला का हा खाली. याले त्याचं तोंड दिसत नाई, त्याले याचं. सांज होयेपर्यंत उडले, एक शब्द बोलनं झालं नाई!

शेवटी आमी चार जन गेलो, म्हटलं भिवाजी, उकंडराव, आयका आमचं, लोक हासतात, हा मधातला कूडच काढून टाका ना! तं दोघाइनं बी एकमेकाइकडे न पाहाता मान खाली घातली, अन् दोघं एकदमच म्हनतात, "कूड काढला, तं मंग उडाचं कायले?"