दार शेवटी

अरे, मी एकदा स्वतःलाच घरात चिणून घेतलं होतं! आपटा गावात ओंडक्यांचं घर बांधायला शिकत होतो तेव्हा. शिकवणारे जनूकाका सुतार बाहेरून ओंडके चढवायचे, मी आत उभा राहून खाचेत खाच बसवायचो. भिंती डोक्यावर गेल्या आणि बघतो तर काय, दारच नाही!

"काका, मी बाहेर कसा येऊ?"

काका हसत सुटले. "दार शेवटीच कापतात, सायेब. बोला, तुमाला कुठं पायजे?"

नदीचा आवाज येत होता, त्या भिंतीवर मी थाप मारली. काकांनी तिथेच करवत लावली. समोर पाताळगंगा.

आता खांदा कॉलनीतला हा माझा तिसरा फ्लॅट. तिन्ही दारं शेजाऱ्याच्या दारासमोर. कुठं पायजे, असं परत कोणी विचारलंच नाही रे.