टर्बोची जागा

तुम्ही खोदून विचारताय म्हणून सांगतो, एरवी मी हे कुणाला सांगत नाही. कंपनीत मला साधे ब्रॅकेटच वेल्डिंगला देतात. वाटलं, आपल्या जुन्या गाडीला ताकद वाढवणारा टर्बो बसवू, इंजिनाचा धूर त्याच्यात नेणारा पाइपांचा जोड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, घरीच बनवू. साहेबांना दाखवला तर चांगल्या कामावर घेतील. निघोजे गावात आमच्या खोलीसमोर इंजिन उतरवून ठेवलं आणि परदेशी व्हिडिओ बघत तीन महिने दर रविवारी पाइप कापून जोडले.

काल मेकॅनिक सलीमभाई इंजिन परत गाडीत बसवत होते. अर्ध्यातच थांबले.

"भावा, टर्बो स्टेअरिंगच्या रॉडवर आदळतोय. कुठं बघून बनवलंस?"

"व्हिडिओत."

"त्यात ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसतो?"

मी फोन काढून बघितलं. डावीकडे.

तेवढ्यात आई बाहेर आली. "झाली का रे गाडी?"

"झाली मावशी," सलीमभाई म्हणाले, "फक्त वळणार नाही."

आई हसली. मला हसू येईना. सलीमभाईंनी पाइपांच्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं आणि ग्राइंडर माझ्या हातात दिला.

"तूच काप. एवढं चांगलं वेल्डिंग कापायला माझा हात धजत नाही."