मागच्या रांगेतली पोती

नाही ताई, तसं नाही — म्हणजे हे मी तुम्हाला सांगायचंच नव्हतं. आईनं जिन्यातच बजावलंय, ताईंना पाणी दे आणि मुकाट्यानं वर ये, तोंड उघडलंस तर बघ. आणि मी तोंड उघडणाऱ्यातली नाहीच मुळी, वर्गात ‘हजर’ म्हणते ते बाईंना ऐकू जात नाही, बसल्या जागी गैरहजेरी लागते — पण तुम्ही आत्ता तिथे ‘नवा गॅस निष्फळ’ असं लिहिलंत ना? समोर बसून उलटं वाचता येतं मला. सही नका करू अजून. आधी पाणी प्या, आणि तेवढ्यात मी काय सांगते ते ऐका. मालक गोदामाच्या त्या टोकाला आहेत, बाबा कीड मारायच्या जुन्या गोळ्यांचे डबे आणायला गेलेत, येतीलच.

ही चाळणी बघा, तुमच्यासमोरच आहे. हे काळे ठिपके हलतायत, सोंडकिडे, तुमच्या नव्या गॅसनं मरायला हवे होते, जिवंत आहेत, मान्य. पण कुठल्या पोत्यांतले? मागच्या रांगेतले, भिंतीकडच्या. पुढच्या पोत्यांचं धान्य तुम्ही सकाळी चाळलंत तेव्हा मी जिन्यातून पाहत होते — एकही हलला नाही, तुम्ही बोटानं उलटे करून पाहिलेत. मधलेही मेलेले. मग गॅस पुढे चालतो आणि मागे चालत नाही, असं असतं का? नसतं. गॅस मागून निघून गेला ताई. पोत्यांच्या थप्पीवर जी ताडपत्री टाकली होती ना, तिच्या कडेवर वाळूच्या लांब पिशव्या ठेवतात दाबायला, त्यातली एक मागच्या कोपऱ्यात घसरली होती. हाताएवढी फट. कळलं कसं? वास आला. तुम्ही गॅस सोडलात त्या दिवशी, वर, आमच्या खिडकीत. आमची खोली त्याच भिंतीच्या वर आहे. आई म्हणाली, अगं, फळं कुठली पिकलीत एवढी? — आणि मग मलाही आला, गोड, थोडा झोंबणारा. तुम्हीच सांगितलं होतं ना सगळ्यांना, हा गॅस पिकल्या फळांतही थोडाथोडा असतो, एका दिवसात काम करतो, मग विरून जातो, फक्त जवळ ठिणगी नको. मी पाठ केलंय ते. मला फार आवडलं होतं.

मग तेव्हाच का नाही आले? आले होते! अर्ध्या जिन्यापर्यंत आले होते. आईनं मागून वेणी धरली. म्हणाली, खाली पाहुण्या उभ्या आहेत, मालक उभे आहेत, त्यांच्यादेखत बापाला खोटं पाडतेस? — कारण बाबा नुकतेच थप्पीभोवती फेरी मारून आले होते आणि छाती काढून सांगत होते, काही नाही, कुठेही गळत नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, काका, वासावर विसंबू नका, गॅस मोजायचं मीटर घेऊन फिरा. आणि सगळे हसले. हमाल तर म्हणाले, ताई, या नाकाला मीटर दाखवता? मीटरलाच लाज वाटेल! बाबांना सगळे नाकसाहेब म्हणतात, तुम्ही ऐकलं असेल. मालक पाहुण्यांना सांगतात, आमच्या नाकसाहेबांना टाचणीएवढ्या भोकातून आलेली गळती कळते. तुम्ही पण हसलात. मीटर तिथेच खुर्चीवर राहिलं. तुम्ही पुढे सिलिंडरपाशी होतात, तोंडावर मुखवटा, तुम्हाला कसा कळणार मागचा वास?

बाबांना का नाही कळला — अं — सर्दी होती. हो, सर्दी. नाही — नव्हती सर्दी. ताई, तुम्ही अशा बघू नका ना. त्यांना वासच येत नाही. कशाचाच. मागच्या वर्षापासून, की त्याच्या आधीपासून, कुणास ठाऊक. आई शेजारी गेली होती, बाबा शेगडीजवळच पाय पसरून बसले होते, आणि दूध उतू जाऊन, आटून, करपून, भांडं काळंठिक्कर पडलं तरी ते आपले गुणगुणतायत! आई आली ती पदर नाकाला लावूनच.  ते म्हणाले, काय झालं? तेव्हा आम्हाला कळलं, आणि आम्हाला कळलं हे त्यांना कळलं.  मग बाबा म्हणाले, हे घराबाहेर जाता कामा नये, ज्याचं नाक गेलं त्याला गोदामात कोण ठेवील? आणि ही खोली गोदामाचीच, ती पण जाईल. आई तर तेव्हापासून भांडंसुद्धा घासायला बाहेर काढत नाही, लपवून ठेवलंय.

पण काळजीचं काही नव्हतं हो, आमचं सगळं नीट चाललं होतं. म्हणजे — मी असायचे ना. गोळ्या घातल्या की त्या हवेतल्या दमटपणानं फुटतात, गॅस सुटतो, मग कितीतरी दिवस ताडपत्री उघडायची नाही. तेवढे दिवस शाळेच्या आधी आम्ही दोघं फेरी मारतो. मी पुढे, बाबा मागे. ताडपत्रीच्या कडेकडेनं वाकून चालायचं. लसणासारखा वास आला की मी थांबते, बोलत नाही, नुसती चप्पल वाजवते, ती बाबांना खूण, ते तिथे थांबतात, म्हणजे हमालांना वाटतं वास बाबांनाच आला. मग बाबा मोठ्यानं म्हणतात, अरे, इथे गळतंय रे! — आणि माझ्याकडे बघून हळूच हसतात. घरी ते दोन शब्द बोलायचे नाहीत माझ्याशी, पण फेरीच्या वेळी म्हणतात, माझं पोर म्हणजे माझा उजवा हात. त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून मला वर पाठवलं. पोरीला कशाला आणलंय, असं विचारलं असतंत तुम्ही. विचारलं असतंत ना?

माझं काय? मला काही होत नाही. मुखवटा एकच आहे, तो बाबांचा, पण तेही घालत नाहीत, नाकसाहेबांनी मुखवटा घातला तर लोक काय म्हणतील! डोकं दुखतं थोडं. शाळेत मळमळतं, बाई म्हणतात सकाळी उपाशी येतेस, खाऊन येत जा. उलटी फक्त — जाऊ दे ना, ताई, माझ्याबद्दल नाहीच चाललेलं, मी गॅसचं सांगतेय! तुम्ही निष्फळ लिहिलंत की मालक आजच गोळ्या घालणार. मघाशी तुमच्यासमोरच म्हणाले, नव्या खेळण्यावर वेळ घालवला, आता जुन्याच गोळ्या, आणि यावेळी दुप्पट, कारण किडे माजलेत, नेहमीच्या मापाला मरत नाहीत. दुप्पट! आणि वर आम्ही झोपतो. आई बाबांना सांगून बघते, खिडकीला ओली चादर लावते, बास, तिच्या हातात तेवढंच.

तरी मी नसतं सांगितलं. खरंच, विद्येची शपथ. नेहमीसारखी फेरी मारली असती. पण त्या दिवशी खिडकीत — फळांचा वास आधी आईला आला. मी खिडकीत होते, आई आत शेगडीपाशी होती, आणि तिला आधी आला. हे मी तिलाही सांगितलेलं नाही. मघाशी तुम्ही हात पुसलेत तो साबण, त्याचा वास येतो का? येत असेल. मला वाटतं येतो. हल्ली मला नीट कळतच नाही, वास आलाय की नुसता आठवतोय. मागच्या गोळ्यांच्या वेळी मी एका ठिकाणी दोनदा गेले, दोनदा वाकले, काही नाही वाटलं, म्हणून पुढे झाले — आणि तिथलाच हमाल संध्याकाळी भिंतीला धरून बसला होता. उन्हानं असेल. उन्हानं होतं ना असं? सांगा ना. बाबांनाही मी हेच म्हटलं, ऊन फार होतं. आज दुप्पट गोळ्या, बाबा माझ्या मागे, माझ्या भरवशावर, आणि मला जर —

म्हणून म्हणते, एवढंच लिहा, की मागे फट राहिली होती, परत करून बघू. वाळूची पिशवी मी स्वतः ठेवीन, मी मीटर धरीन, तुम्ही सांगाल तसं. बाबांचं नाव नको. नाकाचं तर नकोच नको. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला दुसरं काहीतरी सुचेल. पिशवी उंदरानं ढकलली म्हणा. त्यांना कामावरून काढू नका ताई, पण त्यांना आत पण जाऊ देऊ नका — दोन्ही कसं होईल? होतं का असं? तुम्ही शिकलाय एवढं, तुम्ही —

आले बाबा! — डबे आले वाटतं, मला हाक मारतायत, तुम्ही निघालात असं वाटलं असेल त्यांना. हो हो, चप्पल घालतेय! — ताई, हात सोडा. सोडा ना, दुखतोय. ते थांबलेत, मी गेले नाही तर ते एकटेच आत जातील, त्यांना कळणार नाही हो, सोडा ना, मी पुढे असले म्हणजे निदान —